पांढरं कार्ड

एकतीस वर्षं मी शिडीवर काढली
हॅलिफॅक्सच्या बंदरालगत, या सार्वजनिक कलादालनात.
चित्र कुणाचं ते खालूनच वाचायचं,
वर गेलं की फक्त दिवे.
खिशात पोस्टकार्डाएवढं पांढरं कार्ड.
ते चित्रापुढे धरायचं, मीटर लावायचा,
कार्ड नीट उजळलं की काम झालं,
बाकीचं आपोआप दिसतं
असं मला शिकवलं होतं
आणि मीही पुढच्या दोघांना तेच शिकवलं.

फेब्रुवारीत ओडेसा क्लाइक आली.
सव्वीस वर्षांची, बुटांतून बर्फाचं पाणी गळत,
हाती पहिलंच प्रदर्शन.
गळ्यातल्या ओळखपत्रावर 'सहायक' खोडून
कुणीतरी बॉलपेननं 'क्युरेटर' लिहिलेलं.
(तिनंच. नंतर हसत कबूल केलं.)

पहिला फोटो टायरस प्रोव्होचा:
त्याची आत्या, चर्चच्या मागल्या पायरीवर मटार सोलताना.
मी कार्ड धरलं, मीटर लावला, उतरलो.
ओडेसा म्हणाली, "आत्या कुठे आहे?"

पाहिलं. मटार होते. वाडगं होतं, लख्ख.
आत्याच्या जागी नुसतं सावट.
"फोटोच जरा अंधारा आहे,"
मी म्हणालो,
बाहेर धुकं आहे म्हणावं इतक्या सहज.

ती काही बोलली नाही.
स्वेटरची बाही कोपरापर्यंत सारली
आणि कार्डाच्या जागी स्वतःचा हात धरला.
"याच्यावर लावा मीटर."

शिडी पाच वेळा सरकवली.
एक दिवा विझवला, एक तिरका केला,
भिंतीचा झगझगाट उतरवला
(तिला भिंतीचं काही कौतुक नव्हतं)
आणि आत्या
सावकाश बाहेर आली.
आधी गालाचं हाड.
मग मानेची घडी, घामानं चमकणारी.
इतकी वर्षं मी हे सगळं एकाच शब्दात कोंबत आलो होतो: काळा.
त्यात काकवी होती. ओला कोळसा होता.
ओहोटीनंतर खडकावर उरतो तो निळसर ओलावा होता,
आणि ओठाच्या कडेला, अगदी थोडा,
विटेचा लाल.
आत्या मटारांशी काहीतरी पुटपुटत होती.
साडेसात वाजले होते. मला भूक लागल्याचं कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्हर्निता बील्स आली, एक्याऐंशीची,
नॉर्थ प्रेस्टनहून, भाच्याच्या गाडीतून.
तिची गोधडी नवऱ्याच्या रेल्वेच्या गणवेशांची:
निळं, काळं, धुऊन धुऊन कुठलंच न राहिलेलं.
लोकांच्या बॅगा उचलून विरलेल्या बाह्या
तिनं मधोमध लावलेल्या.
आल्या आल्या तिनं हात लावला.
पहारेकरी धावला, "मॅडम, स्पर्श करू नका."
"बाळा, मी चाळीस वर्षं हिच्याखाली झोपले."
एक सुटलेला दोरा तिनं दातानं तोडला
आणि त्याच्या तळहातावर ठेवला.
तो बराच वेळ तसाच उभा.
नोंदवहीत असल्या वस्तूसाठी रकाना नव्हता.

शेवटचा दिवा बसवताना मला आठवलं,
तळघरात एक आहे.
शहाण्णव साली टांगलं होतं, सहा आठवडे,
अगदी आतल्या खोलीत.
खिडकीशी एक बाई,
तिच्या हातात काय होतं ते कधी दिसायचं नाही.
कुणी थांबायचं नाही त्यापुढे. मीसुद्धा.

"कुणाचं?" ओडेसानं विचारलं.

नाव आठवेना.
बल्ब आठवला: पन्नास वॉट, छत्तीस अंश.
तेवढं मी अचूक सांगितलं,
आणि सांगताना आवाज खाली गेला.

तिनं किल्ल्यांचा जुडगा उचलला.
मी खिसा चाचपला. कार्ड होतंच.
ती पायऱ्या उतरूही लागली होती,
बटण न शोधता, अंधारातच,
पाठोपाठ मी, टॉर्च घेऊन.