दुरुस्ती

साखर पेठेच्या मागं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी
डीपीच्या खांबाला तारेनं बांधलेला एक फळा आहे.
दस्तगीरचाचा लिहितात.
मिलमध्ये कापडाच्या गाठींवर नंबर टाकायचे ते.
मिल गेली, अक्षर राहिलं.

फळ्यावर बहुतेक पाणीच असतं.
'पहाटे ३ ते ५. मोटार लावू नये.'
मोटार लावतातच.
पाण्याखाली उरलेल्या जागेत बाकीचं जग :
शेळी हरवली आहे, डावा कान चिरलेला.
विडी कारखान्याचं पासबुक सापडलं, ओळख पटवून न्यावं.
गुंडलांच्या रेणुकाला दहावीला एक्क्याऐंशी टक्के,
त्यातलं टक्क्याचं चिन्ह
आकड्यांपेक्षा मोठं.

एका मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत होतं तेव्हा,
सायकलवरून कुणीतरी ओरडत गेलं,
'अंबुबाई म्याकल सिव्हिलला गेल्या!'
माग धडधडत होते.
चाचांना सिव्हिल ऐकू आलं नाही.
गेल्या ऐकू आलं.

तासाभरात चार कारखाने बंद.
इतकी शांतता की कबुतरं बावरली.
मड्डी वस्तीवरनं बांबू आले, मडकं आलं,
सुनेच्या माहेरचे तर रडतच रिक्षातून उतरले,
आणि त्यांच्या मागच्या रिक्षातून
हाताला सलाईनची पट्टी लावलेली
अंबुबाई.

'कुणाचं बे?' तिनं विचारलं.
कुणी बोलेना.
तिला तेलुगू वाचता यायचं, मराठी नाही.
मी आठ वर्षांचा, हाताशी सापडलो.
'वाच.'
मी वाचलं. 'कै. अंबुबाई राजेशम म्याकल यांचे...'
'कै म्हंजे?'
मला शाळेत शिकवलं नव्हतं.
मी म्हणालो, 'कै म्हंजे... तुम्हीच की.'

ती त्याच बांबूंवर बसली.
पदरानं वारा घेतला.
'आलेच हाव तर चहा पिऊन जावा,' म्हणाली,
'आन् बांबू ठेवा, नागेशच्या मांडवाला लागतेत.'

चाचा ओला फडका घेऊन उभे, मान खाली.
कै पुसलं, श्रीमती केलं.
दुःखद निधन पुसलं.
उरलं, 'श्रीमती अंबुबाई राजेशम म्याकल यांचे'
आणि पुढं काळी मोकळी जागा.
यांचे काय?
अख्खी गल्ली विचारात पडली.
एखाद्या माणसाचं मरण सोडून
फळ्यावर काय लिहितात?

'लिही,' ती म्हणाली,
'विड्या वळणं चालू हाय.'

तेव्हापासून पाण्याच्या प्रत्येक पाळीला,
पाण्याच्या खाली, शेळ्यांच्या वर, ती ओळ.
चाचा काही विसरले तरी ती विसरत नसत.
नागेशचं लग्न झालं. मांडवाला तेच बांबू.
पाणी चौथ्या दिवसावरून पाचव्यावर गेलं.
माग निम्मे भंगारात, टॉवेलवाले हैदराबाद रोडला.
आमच्या मोबाइलवर गल्लीचा ग्रुप निघाला,
तिथं रोज सकाळी फुलं येतात,
पाण्याची वेळ मात्र चुकीची.

मग गड्ड्याच्या जत्रेत,
पाळण्यांचे दिवे इथून दिसत होते त्या रात्री,
ती खरंच गेली. सुपात तेंदूची पानं, अर्धी कातरलेली.
चाचांनी लगेच लिहिलं नाही.
स्वतः आले, उशाशी बसले,
डॉक्टरांचा कागद मागून चष्म्याजवळ धरला,
दोनदा वाचला.
पुन्हा एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं,
ती काही म्हणते का.

सकाळी फळ्यावर पाण्याची वेळ नीट होती.
खाली 'श्रीमती' तसंच.
फक्त शेवटचे दोन शब्द पुसलेले,
आणि तिथं फडक्याचा ओला डाग,
तो वाळेपर्यंत लोक बघत थांबले.

त्या पाळीला पाणी अर्धा तास जास्त आलं.
बायका म्हणाल्या, अंबक्काचं पुण्य.
टाकीवाला म्हणाला, व्हॉल्व्ह अडकला होता.
तिच्या दाराबाहेरचा निळा बॅरल
कुणीतरी सवयीनं भरून,
वर झाकण ठेवून, झाकणावर दगड ठेवून
गेलं होतं.