दोन सेकंद

सकाळी सुरू करताना दोन सेकंद खडखडते,
मग गप्प बसते, असं निवेदिता म्हणाली.
दोनच. तिने मोजले होते.

सनाइयातल्या गॅरेजवाल्याने ऐंशी रियाल सांगितले.
म्हणून गुरुवारी रात्री, सोहारच्या चिकट हवेत
इमारतीमागे पुठ्ठा अंथरला,
दूधपावडरच्या डब्यात बोल्ट टाकत गेलो.
दहाचा पाना ऐन वेळी हरवला;
वरच्या कोयाभाईने दोरीला बांधून
त्याचा खाली सोडला.

साखळीच्या पिवळ्या कड्या खुणांवर आल्या.
"एक दात चुकला तर?"
"इंजिन गेलं."
मोबाइलचा उजेड तिने तसूभर हलू दिला नाही.

नवा टेन्शनर बसला. "काढू पिन?"
"मला काय विचारतोस? काढ."
टक्.
सैल पडलेली साखळी
नाव पुकारल्यासारखी ताठ झाली.
पिन अजून माझ्या खिशात आहे.

पहाटे पाचला ती ड्यूटीला निघाली.
मी तिसऱ्या मजल्यावर, खिडकी उघडून,
श्वाससुद्धा बेतानं घेत.
कुणाच्या तरी एसीचं पाणी पत्र्यावर ठिबकत होतं.
मांजर. लांब हायवेवर एक ट्रक.

फाटकाशी लाल दिवे दिसले
तेव्हा कळलं,
गाडी केव्हाच सुरू झाली होती.