पुरं नाव

या, बसा. पंख्याखाली बसा, तो एकच फिरते.
मी वच्छला कुमरे, इथली शिपाईन,
एकोनीस सालापासून घंटी माया हातात हाय.
हेडमास्तर येतीन, ते कागदाचं सांगतीन,
दाखला, आधार, पासबुक, दोन फोटो.
कागदात नसते ते मी सांगतो.

सव्वीस जूनले शाळा उघडते.
निळी बस फाट्यावर साडेनवाची म्हनते
अन् पावने दहाले येते.
पोट्टं धावत असन तं डायवर थांबते,
बाप धावत असन तं थांबत नाई.

मांगच्या हापशीचं पानी खारं हाय, समोरचीचं पिवा.
पोरीइच्या संडासाची चाबी खिळ्यावर असते,
कोनाले विचारा लागत नाई.
अन् खडूच्या डब्याआड पॅडचं पाकीट ठेवतो मी.
मायहो, हे घरीच सांगून ठेवा,
वर्गात कोनी रडत बसू नये.

देवतळे सर लय वरडतात.
तो राग नोहे,
त्याहिले डाव्या कानानं कमी आयकू येते.
गावात एक मास्तर होता, एक खोली होती;
इथं दर तासाले मानूस बदलते.
पयला हप्ताभर पोट्टं घरी येऊन गुमान बसन.
मार्क नोका विचारू.
डबा कोनासंग खाल्ला, ते विचारा.

आता कामाचं.
तुमच्या पोट्ट्याले त्याचं नाव येते काय?
हासू नोका.
मांगच्या साली पारडीची एक पोरगी
सात दिवस गैरहजर.
रोज येत होती!
दुसऱ्या बाकावर, लाल रिबिनी, डब्यात चून-भाकर.
सर पुकारत, समीक्षा दादाराव नेवारे,
अन् ते खिडकीबाहेर माकडं पाहे.
घरी चिमी. गुरुजीले चिमी.
नाल्यावरच्या बकऱ्याइलेबी चिमी.
समीक्षा होती ते दाखल्यात,
घडी करून, पन्नीत गुंडाळून,
गव्हाच्या कोठीत.

मी दादारावले निरोप धाडला:
पुरं नाव घेऊन हाक मारत जाय बापा,
जेवाले, पान्याले, निजाले.
मानूस धुऱ्यावर उभा रायला अन् वरडला.
बैलानं मान वर केली.
बाजूच्या वावरातले निंदन सोडून हासले.
पन मधातल्या नावापाशी त्याची जीभ अटके.
म्हने, बाई, सोतालेच बलावल्यावानी वाटते.
लहानपनी छडी माराच्या आंधी
मास्तर असंच पुरं नाव घेत.
मंग तो हळू घ्याले लागला,
कोंबडीखालून अंडं काढावं
तसं.

आठव्या दिवशी चिमीचा डबा घरी रायला.
दादाराव घेऊन आला, खिडकीपाशी उभा.
आत हजेरी सुरू.
समीक्षा दादाराव नेवारे.
वर्ग चूप.
अन् खिडकीतून, जोरानं:
"हव!"

पुरा वर्ग फुटला.
देवतळे सर डावा कान चोळत हासले,
मी त्याहिले हासतानी पयल्यांदा पाह्यलं.
चिमी उठली, कानापर्यंत लाल झालती,
म्हने,
"बाबा, ते मले बलावून रायले."

आता नववीत हाय.
घोडा केला तं अजूनबी चिमीच म्हना म्हनते,
पन ते शाळेच्या बाहेर.

तं दाखला कोठीतून काढा.
अजून बारा दिवस हायेत.
चला, इथूनच सुरू करू.
तुम्ही, हिरव्या दुपट्टेवाले भाऊ,
काय नाव हाय हिचं?

नाई, बारकी नाई.
पुरं सांगा.