मी तुला अडवत नाही

लुईस बेटाच्या उत्तर टोकाला, रस्ता संपतो
तिथून अजून थोडं पुढे मर्डिना मॅकअस्किलचं घर.
मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ.
गोळ्या मोजायच्या, पायाचं ड्रेसिंग बदलायचं.
दारातच ती विचारते,
हाउ आर यू कीपिंग?

शब्दशः: तू स्वतःला कशी ठेवतेस?
पहिल्या दिवशी मी गडबडले.
मी काय लोणचं आहे, ठेवायला?

एवढंसं क्रियापद, कीप. चार अक्षरं त्यांची, दोन आपली,
आणि बाई त्याच्यावर अख्खं घर चालवते.
कोंबड्या कीप करते. रविवारही कीप करते.
इथे मराठीनं हात दिला:
आपल्याकडेही दोन्ही पाळतात.
रविवारी तिच्या दोरीवर टॉवेलसुद्धा वाळत नाही,
कोंबडा तेवढा ओरडतो. त्याला चर्च नाही.

दूध हुंगते आणि म्हणते, हे कीप होणार नाही.
मी वहीत लिहिते, टिकणे.
गुलाबी काठाच्या बशा कपाटात कीप केलेल्या,
खास दिवसासाठी. तो एकदाच आला,
नवा पाद्री चहाला आला तेव्हा,
आणि त्यानं बशी घेतलीच नाही, नुसता कप.

शेजारच्या कॅलमबद्दल आवाज उतरवून:
ही कीप्स टु हिमसेल्फ.
स्वतःला स्वतःपाशीच ठेवतो.
जसं काही कुणी मागायला येणार होतं.

वहीत डावीकडे एकच शब्द,
उजवीकडे रांग वाढतेय, रेशनच्या दुकानासारखी.
मर्डिनानं चष्मा लावून ती रांग पाहिली,
वाचता येईना, तरी बोट फिरवलं प्रत्येकावरून.
म्हणाली, पाच वर्षांची होईपर्यंत
मला तरी कुठे येत होतं इंग्रजी?
शाळेत पहिलं वाक्य शिकले ते कीप क्वाएट.
आमच्या गेलिकमध्ये दोन आहेत, कूम आणि ग्ले.
हातात धरून ठेवायचं ते कूम.
हरवू द्यायचं नाही ते ग्ले.

दाराशी टॉर्क्विलचे बूट आहेत, तेल लावलेले.
त्याची बोट निघाली त्याला एकोणतीस वर्षं झाली.
बुटांसाठी दोन्हीपैकी कुठलं,
मी विचारलं नाही.

नोव्हेंबरात वादळ आलं, रस्ता बंद,
आणि एक रात्र मी तिच्याकडेच राहिले.
झोपण्याआधी ती चुलीपाशी वाकली.
लाकूड नसतं तिथे, झाडंच नाहीत;
दलदलीतून कापलेली, उन्हावाऱ्यात वाळवलेली माती जळते.
निखारे तिनं जवळ ओढले
आणि वर हलक्या हातानं राख पसरली,
लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी, पुटपुटत,
मला न कळणाऱ्या भाषेत.
मग माझ्याकडे वळून, पाहुणीसाठी इंग्रजीत:
इट'ल कीप.

राख.
सगळं जळून उरतं ते राख.
सांभाळ, असं कुणाला सांगायचं तरी राख.
इतकी वर्षं हे दोन शब्द माझ्या तोंडात
एकमेकांना ओळख न देता राहिले.
वही बॅगेत होती. उठले नाही.

पहाटे तिनं चिमट्यानं वरचा थर सारला.
खाली लाल.

एक मात्र अजून नीट लागत नाही.
आय वोन्ट कीप यू. मी तुला अडवत नाही.
फोनवर ती असं म्हणाली की समजावं,
तिच्या बातम्यांची वेळ झाली.
पण निघताना दारात म्हणते तेव्हा
हात कडीवर असतो,
मी मफलर गुंडाळते, किल्ली शोधते, सापडते,
वारा फटीतून शिट्टी मारतो,
आणि ती पुन्हा म्हणते, मी तुला अडवत नाही हं,
आणि कडी काढत नाही.