लेइ-सान

एकवीस वर्षं मी खात्याच्या परिपत्रकांत
हा शब्द टंकते आहे: लेइ-सान.
बोलताना कुणी वापरत नाही. तो छापायचा असतो.
अमुक साहेब सोमवारपासून लेइ-सान,
म्हणजे नव्यात पाऊल ठेवणार.
पहिल्या अक्षरात एक जोडा आहे,
जुना, दरबारी, न मळलेला.

खणात आणखीही शब्द आहेत.
सौंग-याम: पदावर चढणे.
घाई दाखवायची तर त्याच्याआधी घोडा जोडायचा.
पाणीपुरवठ्याच्या नव्या उपसंचालकांना
मी घोडा दिला नाही.
ते लिफ्टनं आले, मागून त्यांची कुंडी आली.

आज बाबा निघालेत. वय सदुसष्ट.
क्वुन तोंगच्या गोदामात रात्रीचा पहारा.
गणवेशाच्या बाह्या बोटांवर येतायत,
पट्टा शेजारच्या याउकाकांचा,
थर्मासमध्ये कालच्याच पत्तीचा चहा.
दारात मी छापील आवाजात म्हटलं,
"श्रीयुत ताम वाइ-खुन, लेइ-सानच्या शुभेच्छा."
कवळी न लावताच हसले.
"ते तुझ्या साहेबांना. मी आपला फान-कुंग."

फान म्हणजे परतणं, कुंग म्हणजे काम.
इथं सगळेच असं म्हणतात,
पहिल्या दिवशीसुद्धा,
जिथं कधी गेलोच नाही तिथं परत निघाल्यासारखं.
मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

मिनिबस गेल्यावर टेबलावरचा पत्ता पाहिला.
हुंग यिक इमारत.
तिथं तिसऱ्या मजल्यावर बाबा कापड बेतायचे,
आई खिडकीकडच्या रांगेत कॉलर जोडायची,
आणि मी गाठोड्यांमागे झोपायचे, असं सांगतात.
आता त्या मजल्यावर भाड्याच्या कोठड्या आहेत,
घरात न मावणारं लोक तिथं कुलपात ठेवतात.
बाबा यातलं काही बोलले नव्हते.

मग मी रिकामा नमुना उघडला. उगाच.
नाव लिहिलं. पद लिहिलं. लेइ-सान लिहिलं.
'कोणाच्या जागी' या रकान्याशी
बराच वेळ बसून राहिले.

नवा अधिकारी तीन आगी पेटवतो, अशी म्हण आहे.
अडीच वाजता फोनवर फोटो आला:
अंधार, खुर्चीचा पाय, बाबांचा रबरी जोडा,
त्याच्याशेजारी मच्छरची एक वळी, टोकाशी लाल.
खाली लिहिलंय, जेवलो. झोप.