धर्ममातेचा रकाना

वाळवीनं कडा खाल्ल्या म्हणून
फादर म्हणाले, ताई, तुमचं अक्षर बरं आहे,
एवढी जुनी वही नव्या वहीत उतरवून द्या.
दोन महिने झाले, रोज दुपारी
मिरजेच्या आमच्या देवळात, साक्रिस्तीच्या खिडकीपाशी
मी बाप्तिस्म्याची नावं उतरवते आहे.

पहिलं नाव लॅटिनमध्ये.
बाप बोस्त्यांव, काम फायरमनचं,
पत्ता रेल्वे चाळ, खोली सात.
देऊळ तेव्हा नव्हतंच. मिस्सा व्हायची मालधक्क्यावर,
हळदीच्या पोत्यांवर पांढरी चादर घालून,
आणि पाद्री यायचा बेळगावच्या गाडीनं.
गाडी चुकली की रविवार चुकला.
धर्मपित्याच्या रकान्यात एका फिटरचं नाव आहे,
कारण त्या पाळीला तोच मोकळा होता.

पुढं अक्षर बदलतं, शाई बदलते.
एक पाद्री 'यल्लव्वा' तीन तऱ्हांनी लिहितो,
चौथ्या वेळी नुसतं 'बाळाची आई'.
जतकडून दुष्काळात आलेली आवळ्यांची सहा घरं
एकाच पानावर, एकाच रविवारी.
ज्वारीसाठी आले, असं गावात म्हणत.
माझा आजा त्यांतलाच. तो म्हणायचा,
ज्वारी तीन महिन्यांत संपली,
आम्ही कुठं संपलो?

पण माझा हात अडतो तो धर्ममातेच्या रकान्यात.
आंजेलिन फुर्ताद.
पुन्हा आंजेलिन. पान उलटलं, आंजेलिन.
मोजलं तर एकेचाळीस वेळा.
जो कुणी गाडीतून उतरून दारात उभा राहिला
आणि ज्याला इथं आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं
त्याच्या पोराला हिनं हातावर घेतलं.
केरळच्या नर्सच्या जुळ्यांना, यल्लव्वाच्या चौघांना,
माझ्या आईलाही.
तिची स्वतःची तीन मला मृतांच्या वहीत सापडली,
एकाच साथीत, नऊ दिवसांत.

मला आठवते ती अगदी म्हातारी,
सतारमेकर गल्लीतून व्हायोलिन छातीशी धरून येताना.
मोडलेली घोडी शिकलगारांनी बसवून दिली होती
आणि पैसे घेतले नव्हते.
ती कोकणीत लादाईन म्हणायची,
आम्ही पोरं मराठीत ओरडायचो, आम्हांसाठी विनंती कर,
आणि दोन्ही मिळून पत्र्याखाली जे काही घुमायचं
त्याला कुठली भाषा म्हणावं?

देवळाच्या तुळया म्हणजे भंगारातले रूळ.
घंटेच्या जागीही कितीतरी वर्षं
रुळाचाच तुकडा टांगलेला, हातोडीनं वाजवायचा.
ब्रॉडगेज आली तशी चाळ ओसरत गेली.
कुणी पुण्याला, कुणी कॅनडाला,
नाताळला पत्रं, मग फोन, मग तेही नाही.
एका सालात तर वहीत एकच ओळ आहे,
आणि ती ओळ लिहिणाऱ्यानं
उगाचच सुंदर अक्षरात लिहिली आहे.

परवा मिस्सेनंतर एक पोरगा थांबला.
कुपवाडच्या फौंड्रीत कामाला, गाव सिमडेग्याकडचं,
आडनाव मिंज. तेही मी दोनदा चुकले.
बायकोच्या खांद्यावर महिन्याची मुलगी,
त्याच्या मनगटावर ओतीव लोखंडाचे पोळलेले ठिपके.
कागदपत्रं नीट आणली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
फक्त एक रकाना कोरा होता
आणि त्याबद्दल तो माफी मागत होता, हिंदीत.

म्हटलं, थांब.
पेन उठेना, झटकलं, तळहातावर ओढून पाहिलं.
साठ वर्षं वापरते आहे,
पण माझं नाव इतकं लांब आहे हे त्या दिवशी कळलं.
सलोमी लाजरस एवढंच मावलं.
आवळे खालच्या ओळीत उतरलं,
पुढं जो कुणी येईल
त्याच्या जागेत, थोडंसं.