सामाईक भिंत

दुर्वाच्या पाठीवर पुरळ उठलं, तेव्हा
परुळ्याच्या डॉक्टरांनी आधी घामोळं म्हटलं,
मग खरूज,
मग बांगडा बंद केला, मग कोळंबी,
मग सुकं सुद्धा.
खाडीच्या काठावर सात वर्षांची पोर
डाळभात चिवडत बसायची
आणि खाजवायची.

तीन मलमं संपली. चौथ्याची चपटी नळी पदराला बांधून
जयवंती धुरी माझ्या दवाखान्यात आली,
जिथं फक्त जनावरं येतात.
म्हणाली, चेडवासाठी नाय, कोंब्यासाठी इलंय.
राखणीचो कोंबो पांढरो पडलो.

तुरा बघितला.
सात-आठ धुण्यांनंतर लाल फडकं दिसतं तसा.
खुराडा कुठं?
मागल्या पडवीत. झोपायच्या खोलीक लागून.
भिंत चिऱ्याची?
मग कसली असतली?

जांभा ज्यानं जवळून बघितलाय त्याला ठाऊक,
तो दगड कमी आणि भोकं जास्त.
आतून गिलावा छातीपर्यंत येऊन थांबलेला,
सिमेंट तिथंच संपलेलं.
खाट तिथंच लावलेली.

रात्री साडेदहाला बॅटरी घेऊन गेलो.
कोंबड्या बसतात त्या दांडीखाली
वहीचा कोरा कागद धरला, टिचकी मारली.
कागदावर मिरपूड पडली
आणि मिरपूड चालायला लागली.
अंगठ्यानं एक चिरडली.
रेघ लाल.

ह्यां कोणाचा रगात?
कोंबड्याचं, म्हणालो,
आणि पुढं बोललो नाही,
कारण खात्री नव्हती.

गावात पिसवा म्हणतात ह्यांना. पिसवा नाहीत,
आठ पाय असतात, उडी नसते.
दिवसा भोकांत, रात्री अंगावर,
आणि न खाता सात-आठ महिने
वाट बघत बसू शकतात.
पक्षी वेगळा, माणूस वेगळा,
हे मी कॉलेजात जाऊन शिकलो.
त्यांना ऊब तेवढी कळते,
आणि सातबाऱ्यावर नसली
तरी ती भिंत सामाईकच होती.

फवारणी सांगितली.
मी चिठ्ठीवर लिहीन तितके दिवस
अंडी टाकून द्यायची, कोंबडा कापायचा नाही.
तिनं बोटं मोजली. राखण अमावास्येला.
पुन्हा मोजली.
गावकाराकडे विचारायला गेली नाही.
देव थांबतलो, म्हणाली.
चेडू किती थांबात?

दुसऱ्या दिवशी खुराडा माडाखाली नेला.
बिछाना उकळत्या पाण्यात, दांडी जाळात,
भोकाभोकांत चुना, काडीनं कोंबून.
मी घरी जाऊन विहिरीवरच कपडे उतरवले,
तरी रात्रभर खाजवत होतो.
काही नव्हतं अंगावर.
बायकोनं बॅटरी मारून दोनदा बघितलं,
मग तीही खाजवायला लागली.

पंधरा दिवसांनी फेरी मारली.
पाठ साफ. बांगडा चालू, तळलेला, दोन.
कोंबड्याचा तुरा रंग धरतोय, आणि त्यामुळंच
त्याचे दिवस भरत आलेत.
दुर्वा मात्र तोंड फिरवून बसलेली.

खूप विचारल्यावर तिनं खाटेच्या उशाकडचं भोक दाखवलं,
करंगळी जाईल एवढं.
तिथं कान लावून झोपायची ती.
खुडूक कोंबडी पोटाखालची अंडी फिरवते
ते ऐकू यायचं.
पिल्लू कवचाला टोचायला लागलं
की घरात सगळ्यांच्या आधी तिला कळायचं,
सकाळी उठून ती सांगायची, आज होतील,
आणि व्हायची.
आता काय ऐकाक येत नाय.

भोक अर्धं उघडं होतं.
तिच्या नखांत चुना.

तिच्या आईला सांगणं माझं काम होतं.
मी चुना मागितला, पुन्हा कालवला, घट्ट,
आणि भरायच्या आधी, कुणी बघत नाहीसं पाहून,
वाकून कान लावला.
पलीकडे रिकामी पडवी.
कुणीतरी राखेनं भांडी घासत होतं.